वनटनचे पाटे

चर्चमधल्या मिसाहून आल्यावर क्लाइव्हने रविवारचे कपडेही बदलले नाहीत. पँट गुडघ्यापर्यंत दुमडली आणि तसाच अंगणातल्या जुन्या वनटन गाडीखाली सरपटला. दोन मिनिटांनी खालून त्याचा आवाज आला.

"ॲल्स्टन, हंय ये मरे. पाटे मोज."

ॲल्स्टन आदल्या संध्याकाळी मडगावहून आला होता. बारा वर्षांपूर्वी थोरल्या भावाशी, क्लाइव्हशी, भांडून तो कट्टा गावातल्या गॅरेजमधून बाहेर पडला, त्यानंतर या घरात तो फक्त सणाला यायचा. आता तो हौशी लोकांना डोंगरात पळवायच्या गाड्या बांधून द्यायचा. गाडीखाली बोलावलं म्हणून त्याला बरं वाटलं, पण ते न दाखवता तो मागच्या चाकाशी उकिडवा बसला. लोखंडी पट्ट्या एकावर एक रचून केलेल्या कमानीवर अशा गाडीचं सगळं ओझं तोललेलं असतं. त्या पट्ट्या म्हणजे पाटे.

"पाच," तो म्हणाला.

"आनी होते किती?"

"नऊ."

"ह्या बाजूकय पाचच आसत." क्लाइव्ह बाहेर आला. त्याच्या पांढऱ्या शर्टावर ग्रीसचा पट्टा उमटला होता. "मोडूक नाय. नीट खोलून काढलेले आसत. पप्पांनी चार चार पाटे काढल्यानी, आनी माका सांगूक नाय."

एकोणनव्वद साली लष्कराच्या लिलावातून त्यांच्या वडिलांनी, पेद्रूने, ही गाडी आणली, तेव्हा क्लाइव्ह तेरा-चौदा वर्षांचा होता. चारही चाकांना जोर असलेली, एक टन माल घेऊन डोंगर चढणारी ही गाडी. खुर्सावाडीला जाणारा रस्ता म्हणजे अर्धा व्हाळ, नुसता ओढा, आणि अर्धी चिऱ्याच्या खाणीची जुनी वाट; तिथे दुसरं काही चढतच नसे. वाडीतले काजू, आंबे, चिरे, लग्नाची माणसं, अडलेल्या बाया, सगळं या वनटनने वर-खाली केलं होतं. आणि गेल्या महिन्यात, ऑक्टोबरच्या भर उन्हात, तिचं सहा सिलिंडरचं पेट्रोल इंजिन तापून जाम झालं. पेद्रू ती कुठे घेऊन गेला होता, कशासाठी, हे त्याने कोणालाच सांगितलं नाही. खुर्सावाडीतल्या महादूच्या बैलांनी ती ओढून घरी आणली, आणि महादूलाही कोणी काही विचारलं नाही.

आज ठरवायचं होतं की तिचं करायचं काय.

क्लाइव्हचं ठरलं होतं. एका अपघातातल्या टेम्पोचं चार सिलिंडरचं डिझेल इंजिन त्याने गॅरेजच्या कोपऱ्यात ताडपत्रीखाली ठेवलं होतं. ते बसवायचं, मागे दोन पाटे वाढवायचे आणि काजूचा हंगाम काढायचा. ॲल्स्टनने तर येताना पुठ्ठ्यावर आख्खं चित्रच काढून आणलं होतं. त्यात वनटन एक फूट उंच झाली होती, पाट्यांच्या जागी स्प्रिंगा आणि छातीइतके टायर होते. फेब्रुवारीत गोव्यात अशा गाड्यांची शर्यत होती, तिथे त्याला ही गाडी न्यायची होती.

"एक फूट उंच?" क्लाइव्ह पुठ्ठ्याकडे बघत म्हणाला. "काजीचे पोते काय शिडी लावन चढवू?"

"तुका पोत्यांपलीकडे काय दिसाचाच नाय."

"आनी तुका पोटापाण्याचा काय कधी सुचूचाच नाय."

बारा वर्षांपूर्वीचं भांडण असंच सुरू झालं होतं. पण या वेळी दोघंही तिथेच थांबले, कारण पेद्रू पडवीतून खाली येत होता.

पेद्रूला अठ्ठ्याहत्तरावं चालू होतं. चालताना तो अजून ताठ असायचा, फक्त हात कुठे ठेवावेत हे हल्ली त्याला कळत नसे. दोन्ही मुलं गाडीजवळ आहेत आणि क्लाइव्हच्या शर्टाला ग्रीस लागलंय, हे त्याने पाहिलं.

"पप्पा, पाटे खंय आसत?" क्लाइव्हने विचारलं.

"मांगरात." त्याने घरामागच्या खोपीकडे बोट दाखवलं.

"काढलास कित्याक?"

पेद्रू बोनेटला हात टेकवून उभा राहिला. "गाडी जड वाटाक लागलली," तो म्हणाला. त्या बोलण्याला काही अर्थ नव्हता, हे तिघांनाही ठाऊक होतं.

त्यांची बहीण डेलिशा पडवीच्या पायरीवर बसून ऐकत होती. ती कणकवलीच्या एका इस्पितळात नर्स होती, आणि माणूस उत्तर टाळायला लागला की ते तिला लगेच कळायचं. तिने भावांना खूण करून मागच्या अंगणात नेलं.

"मी तुमका फोनार सांगलंय ताच आता डोळ्यांनी बघलात," ती हळू आवाजात म्हणाली. "चांगल्या गाडीचे पाटे काढतत. खंय जातत ता सांगणत नाय. इंजिन जळापर्यंत पाणी बघणत नाय. तेंका डॉक्टराक दाखवूक व्हया. विसराक लागले आसतीत."

"पप्पा विसरूचे नाय," ॲल्स्टन म्हणाला.

"तू वर्षातून दोनदा येतंस रे."

क्लाइव्हने मान हलवली, आणि तो बहिणीच्या बाजूला गेला. ॲल्स्टनला ते कळलं. मग तोही म्हणाला, "बरा. डॉक्टराक दाखवया. पण गाडीची चावी काढून घेवची नाय."

"चावी पयली काढून घेवची," डेलिशा म्हणाली. "मम्माचा काय झाला ता विसारलास?"

कोणीच विसरलं नव्हतं. दोन वर्षांपूर्वीच्या श्रावणात, खुर्सावाडीहून खाली येताना व्हाळात वनटन एका खड्ड्यात आदळली, आणि पेद्रूशेजारी बसलेल्या वेरोनिकाच्या पाठीचा मणका दबला. ऑपरेशन झालं, आठ महिने पट्टा होता. आता ती घरात फिरायची, रिक्षाने सावकाश इगर्जीत जायची. धक्का बसता कामा नये, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. त्यामुळे खुर्सावाडी तिला बंद झाली. आणि खुर्सावाडीत तिची थोरली बहीण होती, फिलोमेना. तिचे गुडघे गेलेले, आता डोळेही जात चाललेले. खुर्चीत बसवून चौघांनी वर न्यावं, असं एकदा क्लाइव्हने सुचवलं, तेव्हा वेरोनिका म्हणाली होती, "चार जणांनी उचलून न्यावक मी मेलंय काय रे?" त्यानंतर तो विषय निघाला नाही.

डेलिशाने बापाला कधी दोष दिला नव्हता. फक्त त्या दिवसापासून ती त्याच्याशी कामापुरतंच बोलायची. औषधं घेतलात? जेवलात? इतकंच.

तिघं पुढच्या अंगणात आली तेव्हा महादू पोचला होता. खुर्सावाडीतला महादू दर रविवारी चालत खाली यायचा. फिलोमेनाच्या घरात मोबाईलला रेंज नव्हती, म्हणून तो तिचं बोलणं आपल्या फोनमध्ये भरून आणायचा, वेरोनिकाला ऐकवायचा, आणि हिचं बोलणं भरून वर न्यायचा. दोन वर्षं दोघी बहिणी अशा बोलत होत्या.

वेरोनिका पडवीत लाकडी खुर्चीवर बसली होती. महादूने फोन तिच्या कानाशी धरला, पण फोनचा आवाज मोठा होता, सगळ्या अंगणाला ऐकू गेला.

"वेरू, बरी आसंस मां? माका आता उजव्या डोळ्यान कायच दिसणा नाय. डाव्यान पुसट दिसता. तुजो आवाज आयकतंय ता बरा वाटता गो, पण तुजा तोंड आता माका आठवून बघूचा लागता. काल आठवूक गेलंय तर तू ल्हानच दिसलंस, दोन येणींची. म्हातारी वेरू काय केल्या दिसाक नाय."

वेरोनिकाने फोन हातात घेतला आणि तसाच मांडीवर ठेवला. पेद्रू वनटनजवळून हलला आणि विहिरीकडे चालू लागला.

महादूने इकडेतिकडे पाहिलं. त्याला वाटलं, दोघे भाऊ गाडीपाशी आहेत, म्हणजे दुरुस्तीचं ठरलं.

"इंजिन बसवतास ता बरा करतास," तो क्लाइव्हला म्हणाला. "पेद्रूबाबची म्हेनत फुकट जावक नको. दोन म्हयने रोज बघी होतंय मी तेंका."

"खंय?"

"वाटेर. दर दुपारी येयत. रिकामी गाडी, पयल्या गियरार, मुंगयेसारखी. बाजूच्या सीटीर पाण्यान भरललो टोप. माज्या काजीखाली थांबान टोपात बोट घालून बघीत, किती पाणी सांडला ता. मगे कधी कधी खाली उतारत, गाडीखाली जात, एक पाटो काढीत. दुसऱ्या दिवशी परत. फिलूबायच्या घराच्या वळणार येयत आनी थंयसून मागे फिरत. मी म्हटलंय, घरात येवा, चाय घेवा. म्हणाक लागले, टोप भरललो ऱ्हवलो की मगे येतंय."

क्लाइव्ह हातातला पाना पुसत राहिला. ज्या इंजिनाला उन्हात वारा लागावा म्हणून वेग लागतो, ते बापाने दोन महिने पायी चालण्याच्या गतीने डोंगर चढवलं होतं. ते तापणारच होतं. पेद्रूलाही ते कळत असणार. आयुष्यभर गाडी सांभाळलेला माणूस होता तो.

डेलिशाचा चेहरा उतरला होता. तरी ती म्हणाली, "ह्या पयला सुचाक होया होता. त्या दिवशी हळू चलवल्यानी आसते तर..."

"त्या दिवशी तो हळूच चलवी होतो," वेरोनिका म्हणाली.

सगळ्यांनी तिच्याकडे पाहिलं.

"फिलूक ताप होतो. माका काय थंयसून निघाक मन होयना, म्हणान उशीर केलंय. व्हाळाक पाणी चढाक लागला. तो म्हणी होतो, आज वरच ऱ्हवया. मीच म्हटलंय, नाय, सकाळी डेलिशा येतली, तिका जेवक कोण घालीत? मगे पाण्याकडे येवन गाडी थांबयल्यान. मी म्हटलंय, थांबा नको, दाब, पाणी वाढता. मी ओराडलंय तेच्यार. म्हणान तेनी दाबल्यान." तिने श्वास घेतला. "इस्पितळात तुमी तेका इचारलास, आनी तो म्हणालो, माजी चूक. माका तेवा बोलाचा त्राण नव्हता. आनी मगे कोणी इचारूकच नाय."

"तू सांगूक नाय कित्याक, मम्मा?" डेलिशाने विचारलं.

"माका काय म्हायत, तू दोन वर्सां तेका शिक्षा दितंस ती? माका वाटला, कामाक लागून बोलणंस नाय."

डेलिशा वळली आणि विहिरीकडे गेली. पेद्रू कठड्यावर बसला होता. ती त्याच्या शेजारी बसली. तिने त्याचा हात हातात घेतला आणि नाडी बघतात तसा धरून ठेवला.

"किती पाणी उरी होता?" तिने विचारलं.

"पाच पाट्यांर अर्धो टोप," पेद्रू म्हणाला. "पण व्हाळात गाडी खाली टेका होती. फटको बसा होतो. ता काय जमाना. अजून एक पाटो काढलो आसतो तर कमानच मोडली आसती."

"माका सांगूक होया होता."

"काय सांगू? जमला नसता तर तुज्या आवशीक आनी एकदा आशा दाखवन फसवल्यासारखा झाला आसता."

दोघं परत आले तेव्हा ॲल्स्टनने पुठ्ठा पालथा करून कोऱ्या बाजूला नवं चित्र सुरू केलं होतं. क्लाइव्ह त्याच्या खांद्यावरून बघत होता.

"पप्पा, हंय बसा," ॲल्स्टन म्हणाला. "तुमचो इचार बरोबर होतो. ही गाडी एक टन वजनासाठी बांधलली. रिकामी चलयली तर कडक पाट्यांर उड्या मारता. म्हणान तुमी पाटे काढलास. पण जाड पाटे तेच ऱ्हवले, फक्त कमी झाले. आमका बारीक होये, आनी लांब. लांब पाटो दबता जास्त, पण हळू दबता. वरसून नवे शॉकअप, म्हणजे दबलेलो पाटो एकदम वर उसळूचो नाय."

"आनी मागे वाळूचे पोते टाकू," क्लाइव्ह म्हणाला. "पाटे कायम थोडे दबलेले ऱ्हवतीत."

"टाकया. पण तुजा इंजिन किती किलोचा?"

"जुन्यापेक्षा हलका. शंभरेक किलोन."

"मगे पुढचेय पाटे बदलूक व्हये. नायतर नाक वर करीत."

क्लाइव्हने मान हलवली. "पण डिझेल कमी फेऱ्यांर ओढता. हळू चढला तरी गुदमराचा नाय, तापाचा नाय. फक्त थरथरता."

"थरथर वायट," डेलिशा मध्येच म्हणाली. "ऱ्हवून ऱ्हवून बसणारो बारीक हादरो मणक्याक चांगलो नाय."

"इंजिनाखाली मऊ रबर घालूया," ॲल्स्टन म्हणाला. "आनी सीट भंगारातली बसच्या ड्रायव्हरची. तिका सोताची स्प्रिंग आसता."

"आनी तुजी एक फूट उंची?" क्लाइव्हने विचारलं.

ॲल्स्टन आईकडे बघून म्हणाला, "उंच केली तर मम्मा चढतली कशी? एक पायरी जास्त लावया, खाली."

"माका कोण तरी इचारा," वेरोनिका पडवीतून म्हणाली. सगळे वळले. "माजा वजन अठ्ठेचाळीस किलो. माजो उजवो पाय आधी वर येता, डावो नाय. धरूक दांडो डाव्या हाताक होयो. आनी माका पुढच्या म्हयन्यात न्हेतंय असा कोणी सांगा नको. जेवा होतला तेवा सांगा."

ॲल्स्टनने सगळ्यांसमोर ते सगळं पुठ्ठ्यावर लिहून घेतलं.

पुढचे अडीच महिने तो दर शनिवारी येत राहिला. इंजिन आणि जुना गियरबॉक्स एकमेकांना जुळत नव्हते, मध्ये घालायची लोखंडी प्लेट तीनदा कातून घ्यावी लागली. पहिल्या प्लेटला भोकं अर्धा सूत सरकली, त्यावरून भाऊ दिवसभर बोलले नाहीत; संध्याकाळी क्लाइव्हनेच मापं चुकल्याचं कबूल केलं. इंजिन बदलायची परवानगी काढायला क्लाइव्ह ओरोसला गेला. कचेरीतल्या बाईंनी विचारलं, "इंजिन बदलण्याचं कारण काय लिहू?" घरी बोलतो तसं बोलायचं नाही, एवढं भान ठेवून तो म्हणाला, "जुनं इंजिन निकामी झालंय, मॅडम." आणि मग, कोणी विचारलं नसताना, "माझ्या आईला तिच्या बहिणीकडे न्यायचंय." बाईंनी वर पाहिलं आणि पहिलंच कारण लिहिलं. पण कुठली कागदपत्रं जोडायची, ते त्यांनी त्याला दोनदा समजावून सांगितलं.

मलाही काम करू द्या, असा पेद्रूने कधी हट्ट धरला नाही. तो स्टुलावर बसून नट धुऊन द्यायचा. पाट्यांना ग्रीस मात्र त्यानेच लावलं, एकेका पाट्याला, दोन्ही बाजूंनी.

फेब्रुवारीच्या सुरुवातीला काजू मोहरले होते तेव्हा वनटन तयार झाली. आधी डेलिशा आईसाठी बसवलेल्या मधल्या सीटवर बसून तीनदा वर-खाली गेली. तिसऱ्या खेपेला व्हाळातून बाहेर आल्यावर तिने नुसतं "न्हेवया" म्हटलं.

निघायच्या दिवशी क्लाइव्ह स्टेअरिंगवर बसला होता. वेरोनिका नव्या पायरीवर उजवा पाय ठेवून थांबली.

"तू उतार," ती म्हणाली. "तुजो बापूस चलयतलो."

पेद्रूने दोन पावलं मागे घेतली. "नको गो. झील बरो चलयता."

"माका खालसून वर तूच न्हेत इलंस, चवतीस वर्सां," वेरोनिका म्हणाली. "आज तू नसशीत तर मी जावचंय नाय."

क्लाइव्ह उतरला. पेद्रू चढला, पण त्याचे हात मांडीवरच राहिले. डेलिशा आईला चढवून तिच्याशेजारी बसली आणि बापाला म्हणाली, "पप्पा, मी हंय आसंय. चला."

दोघे भाऊ मागे वाळूच्या पोत्यांवर बसले. साडेतीन किलोमीटरला सव्वा तास लागला. व्हाळाशी आल्यावर पेद्रूने गाडी थांबवली, आणि या वेळी वेरोनिका काही बोलली नाही. तिने समोर बघितलं आणि वाट बघत राहिली. त्याने चाक कुठे टाकायचं ते नीट पाहिलं, मग हळूच क्लच सोडला. गाडी डावीकडे झुकली, सावरली आणि पलीकडे गेली. मागून ॲल्स्टन ओरडला, "मम्मा?" "आसंय," तिने उत्तर दिलं.

फिलोमेना दारात बाकावर बसली होती. वेरोनिका तिच्यासमोर उभी राहिली तरी तिला नीट दिसेना. तिने दोन्ही हात पुढे केले, बहिणीचा चेहरा कपाळापासून हनुवटीपर्यंत चाचपला, गालांवरच्या सुरकुत्यांवरून बोटं फिरवली.

"ही काय माजी वेरू," ती म्हणाली. "म्हातारी झालंस गो!"

"मगे? तू काय चेडू आसंस?"

दोघी हसायला लागल्या आणि हसता हसता रडल्या. मग आत गेल्या. पेद्रू बाहेरच घोटाळत होता, तर आतून फिलोमेनाने हाक मारली, "पेद्रू, भायर कित्याक उबो? ये. तुजी चाय किती दिवस ऱ्हवलेली आसा." तो आत गेला.

दुपारी जेवणं झाल्यावर निघायची वेळ झाली, तर वेरोनिका उठेना.

"मी ऱ्हवतंय," ती म्हणाली. "बेस्तरवारी न्हेवक या."

पेद्रू गोंधळला. गुरुवारपर्यंत इथे? लग्नानंतर इस्पितळ सोडलं तर ती त्याच्याशिवाय कुठे राहिली नव्हती. "तुजी औषधां?"

"डेलिशान हाडल्यान आसत. आमी कालच ठरयलेला."

तिघं मुलं बापाकडे बघत होती. तो एकदम हसला, मोठ्याने, बऱ्याच दिवसांनी. "बरा," म्हणाला. "ऱ्हव."

बाहेर आल्यावर डेलिशा स्टेअरिंगच्या बाजूचं दार उघडून उभी राहिली.

"पप्पा, तुमी पलीकडे बसा. माका शिकवा. बेस्तरवारी मम्माक न्हेवक मी येतलंय."

"तू? ही वाट?"

"तुमी सांगा, मी करतंय."

पेद्रू वळसा घालून गेला आणि वेरोनिकाच्या सीटवर बसला. इतक्या वर्षांत तो या बाजूला कधी बसला नव्हता. डेलिशाने इंजिन चालू केलं, क्लच जरा घाईत सोडला, गाडी एकदा अडखळली आणि मागून दोघे भाऊ ओरडले.

"तेंका ओराडू दे," पेद्रू म्हणाला. "ब्रेकाक पाय लावा नको. पयलो गियर तिका धरून ठेयता. तू फक्त वाट बघ."

डेलिशाने वाट बघितली. चाकाखाली दगड येत होते, मोठे, एकामागून एक. पेद्रूने दोन्ही तळहात सीटवर टेकवले. दगड गाडीखाली येताना दिसत होते, आणि सीटपर्यंत पोचेपर्यंत त्यांच्या धक्क्याचं नुसतं झुलणं होत होतं. येताना वेरोनिकाला हे इतकंच लागलं असेल, त्याच्या मनात आलं.

"पप्पा, व्हाळ इलो. आता काय करू?"

"थांब," पेद्रू म्हणाला. "घाई नाय. बघ, आनी तुका वाटात तेवा चल."